भुसभुशीत हिमावर चालताना पायाखाली काय घडते

ताज्या, भुसभुशीत हिमावर साध्या बुटांनी चालू पाहणाऱ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत रुततो. रुतलेला पाय वर काढायचा तर सगळा भार दुसऱ्या पायावर द्यावा लागतो, मग तोही रुततो, आणि शंभर मीटर जाईपर्यंत धाप लागते. त्याच हिमावर, तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस पायांना रुंद चौकटीचे स्नोशू, म्हणजे हिमावर चालण्यासाठी बुटाखाली बांधायचे रुंद तळवे, बांधून वीसेक सेंटीमीटर रुतत, संथ पण सलग चालत राहतो. असे का होते, हे विचारले तर बहुतेक जण शाळेत शिकलेले उत्तर देतात: क्षेत्रफळ वाढले की दाब कमी होतो. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे हिमाच्या स्वभावात आहे, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचे आहे. म्हणून या लेखात स्नोशूइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, हिमाबद्दल लिहिले आहे.

मराठीत आपण आकाशातून भुरभुरत पडणाऱ्या पांढऱ्या थरालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्या कठीण लादीलाही बर्फच म्हणतो. या विषयात मात्र दोन्ही वेगळे ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे कणाकणाने पडून साचलेल्या थराला हिम म्हटले आहे आणि घट्ट, सलग गोठलेल्या पदार्थाला बर्फ. हिमाचा प्रत्येक कण बर्फाचाच असतो, पण कणांच्या मधे हवा इतकी असते की त्या थराचे वागणे बर्फासारखे राहत नाही. एक घनमीटर बर्फाचे वजन सुमारे ९१७ किलो भरते. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचे तेवढ्याच आकारमानाचे वजन साधारण ५० ते १०० किलो असते, म्हणजे त्या थराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग निव्वळ हवेचा असतो. वाऱ्याने रेटून बसवलेले हिम घनमीटरला ३०० ते ४०० किलोपर्यंत जाते आणि त्यावरून पुष्कळदा साध्या बुटांनीही चालता येते.

शाळेतले गणितही एकदा करून पाहू. कपडे, बूट आणि पाठीवरचे सामान धरून एका माणसाचे वजन ८० किलो आहे. चालताना प्रत्येक पावलाला असा एक क्षण येतो की सगळा भार एकाच पायावर असतो. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ सुमारे २५० चौरस सेंटीमीटर धरले तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ३२० ग्रॅम भार येतो. पाऊल पुढे टाकण्यासाठी टाच उचलली की भार फक्त चवड्यावर राहतो आणि हा आकडा दुपटीहून वर जातो. बुटाने चालणाऱ्याला अनेकदा असा अनुभव येतो की पाय टेकताना हिमाने सांभाळून घेतले आणि पुढचे पाऊल उचलतानाच ते ढासळले, त्याचे कारण हेच. साधारण ६५ सेंटीमीटर लांब आणि २० सेंटीमीटर रुंद असलेल्या स्नोशूचे, कडांची गोलाई वजा करून, क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येते. तोच ८० किलोचा भार आता प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर ६७ ग्रॅमच पडतो, म्हणजे दाब जवळजवळ पाचपट कमी होतो. शिवाय टाच उचलली तरी चौकट हिमावर टेकलेलीच राहत असल्याने चवड्याखालचा दाब बुटासारखा एकदम उसळत नाही.

आता एका पावलाकडे अगदी जवळून पाहू. बूट हिमाला टेकतो तेव्हा सर्वांत वरचे कण, ज्यांचे नाजूक फाटे अजून शाबूत असतात आणि जे एकमेकांना केवळ टोकांनी स्पर्श करून उभे असतात, ते मोडतात. मोडलेले तुकडे खालच्या पोकळ्यांत सरकतात, मधली हवा निसटून जाते आणि बुटाच्या तळव्याखाली दाबलेल्या हिमाची एक वडी तयार होऊ लागते. ही वडी बुटाबरोबर खाली सरकते आणि वाटेत लागणारे नवे हिम स्वतःत सामावून घेत जाड होत जाते. ती जसजशी घट्ट होते तसतशी तिची ताकद वाढते, आणि तिची व तिच्याखालच्या थराची ताकद वरून येणाऱ्या दाबाइतकी झाली की पाय थांबतो. अशा वेळी पाय जमिनीला टेकलेला नसतो. त्याने स्वतःखाली स्वतःपुरती जमीन तयार केलेली असते. थंडी कडक असेल, उणे दहा अंशांच्या खाली असेल, तर ही मोडतोड कानांनाही कळते, कारण प्रत्येक पावलाला हिम करकर वाजते.

समजा, ६० सेंटीमीटर जाडीचा थर आहे आणि त्याचे वजन घनमीटरला १०० किलो आहे. बुटाखालचा दाब पेलण्यासाठी ते हिम ३०० किलोइतके घट्ट व्हावे लागते असे धरले, तर पायाखालचा ६० सेंटीमीटरचा थर दबून २० सेंटीमीटरवर येईल आणि पाय ४० सेंटीमीटर रुतेल. स्नोशूखालच्या कमी दाबाला १५० किलोचे घट्टपण पुरते असे धरले, तर तोच थर ४० सेंटीमीटरवर थांबेल आणि पाय २० सेंटीमीटर रुतेल. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. खरे हिम निरनिराळ्या वादळांतून पडलेल्या थरांचे असते आणि प्रत्येक थराची ताकद वेगळी असते. पण त्यांवरून एवढे कळते की दाब पाचपट कमी झाला म्हणून रुतणेही पाचपट कमी होत नाही. त्यात आणखी एक भर पडते. रुंद तळव्याचा दाब अरुंद तळव्यापेक्षा अधिक खोलवर पोहोचतो, त्यामुळे स्नोशू हिमाला हळुवारपणे दाबत असला तरी जास्त जाडीच्या थराला दाबतो.

म्हणूनच स्नोशू घातल्यावर माणूस हिमावर तरंगतो, हे वर्णन मला फसवे वाटते. होडी पाण्यावर तरंगते तेव्हा ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि पाणी पाणीच राहते. हिमात तसे घडत नाही. तिथे पायाखालचा पदार्थच बदलतो, भुसभुशीताचा घट्ट होतो, आणि पाय उचलल्यावरही घट्टच राहतो. तरंगण्याची अपेक्षा ठेवून पहिल्यांदा स्नोशू बांधणारा माणूस खोल, कोरड्या, ताज्या हिमात वीस-तीस सेंटीमीटर रुतला की आपले स्नोशू लहान आहेत किंवा आपलेच काही चुकते आहे असे समजतो. प्रत्यक्षात ते तेवढे रुतणे अपेक्षितच असते.

पाय उचलल्यानंतर त्या ठशात जे घडते ते तर फारसे कोणाच्या लक्षातही येत नाही. दाबलेले हिम स्वतःहून आणखी कडक होत जाते. बर्फाचे दोन कण एकमेकांना टेकून राहिले की त्यांच्या संपर्कबिंदूपाशी हळूहळू बर्फाचाच एक बारीक सांधा तयार होतो. कणाच्या बाहेर फुगलेल्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ निघते आणि दोन कणांमधल्या आत वळलेल्या खाचेत जाऊन पुन्हा गोठते, त्यामुळे खाच भरत जाते आणि सांधा जाड होत जातो. या प्रक्रियेला सिंटरिंग म्हणतात. धातूची किंवा चिनी मातीची पूड न वितळवता नुसती तापवून तिची सलग वस्तू बनवतात, तेव्हाही हेच घडते. धातूला त्यासाठी भट्टी लागते, हिमाला लागत नाही. बर्फ शून्य अंशाला वितळतो, त्यामुळे उणे पाच अंशांवरचे हिम आपल्याला कितीही गार लागले तरी बर्फाच्या हिशेबाने ते जवळजवळ वितळण्याच्या काठावर असते. लोखंडाला आपल्या वितळणबिंदूच्या तितक्याच जवळ न्यायचे तर ते १,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागेल. हिम नेहमीच आपल्या भट्टीत असते, असे म्हटले तरी चालेल.

मात्र सांधे बनायला कण एकमेकांना टेकलेले हवेत. ताज्या हिमात ते फार थोड्या ठिकाणी टेकतात. पाय पडला की कण मोडतात, जवळ येतात, संपर्कबिंदू अनेक पटींनी वाढतात आणि सांधे जोमाने वाढू लागतात. उत्तर अमेरिकेच्या थंड अरण्यांत क्विंझी नावाचा निवारा करतात तो याच तत्त्वावर. आधी फावड्याने हिमाचा मोठा ढीग घालतात, तो तास-दोन तास तसाच राहू देतात आणि मग आतून पोखरतात. ढीग घातल्या घातल्या पोखरला तर तो अंगावर कोसळेल, पण थांबल्यावर तेच हिम छताचा भार पेलते. त्या दोन तासांत बाहेरून त्यात काहीही मिसळलेले नसते.

हिमावरून प्रवास करणाऱ्यांची सगळी रीत या गुणधर्माभोवती बेतलेली आहे. रांगेतला पहिला माणूस वाट तुडवतो. त्याचे श्रम सर्वांत जास्त असतात. दुसरा त्याच ठशांवर किंवा ठशांच्या मधल्या उंचवट्यांवर पाय टाकतो, आणि चौथ्या-पाचव्या माणसाला जवळजवळ तयार पायवाट मिळते. म्हणून पुढचा माणूस ठरावीक वेळाने एका बाजूला उभा राहतो, सगळ्यांना पुढे जाऊ देतो आणि रांगेच्या शेवटी येऊन दम घेतो. जड घसरगाडी ओढून न्यायची असेल तर आदल्या दिवशी रिकाम्या हाताने जाऊन वाट तुडवून यायची आणि रात्रभर ती कडक होऊ द्यायची, ही उत्तरेकडच्या शिकाऱ्यांची जुनी पद्धत आहे. संध्याकाळी ज्या वाटेवर पाय दहा सेंटीमीटर रुतत होता त्याच वाटेवर सकाळी घसरगाडी सरळ सरकते. अशा तुडवलेल्या वाटेवरून कोणी साध्या बुटांनी चालत गेले आणि मांडीइतके खोल खड्डे पाडून ठेवले, तर स्नोशूवाले नाराज होतात. त्या नाराजीला कारण आहे, कारण ते खड्डेही रात्रीतून तसेच कडक होतात.

रुतण्याची किंमत किती मोजावी लागते, याचे मोजमाप अमेरिकी लष्करातील शरीरशास्त्राच्या संशोधकांनी केले आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. सपाट, कठीण पृष्ठभागावर चालण्याच्या श्रमाचा गुणक १ धरला, तर हिमावर तो १.३ पासून सुरू होतो आणि पाऊल जितके सेंटीमीटर रुतेल त्या प्रत्येक सेंटीमीटरला ०.०८२ ने वाढतो, असे त्यांच्या मोजणीतून निघाले. म्हणजे पाऊल १० सेंटीमीटर रुतले तर चालण्याचे श्रम दुपटीहून थोडे अधिक, आणि ३५ सेंटीमीटर रुतले तर चौपटीहून अधिक होतात. स्नोशूंचे स्वतःचे वजन आणि त्यांचा अडथळा हा तोटा धरूनही ते का परवडतात, ते या आकड्यांवरून कळते. तो तोटा लहान नाही. पायाला बांधलेले एक किलो वजन पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके दमवते, आणि आजच्या धातूच्या चौकटीच्या जोडीचे वजन साधारण दीड ते अडीच किलो असते. याच कारणाने जितका मोठा तितका चांगला, हा नियम स्नोशूला लागू पडत नाही. तुडवलेल्या वाटेवर किंवा वाऱ्याने घट्ट केलेल्या हिमावर मोठा स्नोशू म्हणजे निव्वळ ओझे असते. खोल, कोरड्या हिमात पाठीवर सामान घेऊन जायचे असेल तेव्हाच तो कामाला येतो. आकार निवडताना केवळ अंगाचे नव्हे, सामानासकट होणारे वजन धरावे, आणि त्याच्याही आधी आपल्याला कोणत्या हिमावरून जायचे आहे ते पाहावे.

पारंपरिक स्नोशू पाहिल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो जाळीचा. तळव्याचा बराचसा भाग मोकळाच असेल तर हिम त्या भोकांतून वर का येत नाही? पुष्कळ कोरड्या हिमात ते थोडे येतेही. पण जाळीच्या वाद्यांखाली, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखाली, दाबले गेलेले कण एकमेकांवर रेलतात आणि दोन वाद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांची एक छोटी कमान उभी राहते, जी वरचा भार दोन्ही बाजूंच्या वाद्यांवर टेकवते. भोक जितके लहान तितकी ही कमान सहज टिकते. म्हणून जिथे हिम पिठासारखे कोरडे असते तिथल्या लोकांनी जाळी बारीक विणली, आणि जिथे ते ओलसर, चिकट असते तिथे भोके मोठी ठेवली, कारण ओले हिम बारीक जाळीत अडकून गोळे धरते. जाळीचा दुसरा उपयोगही मोलाचा आहे. पाय वर उचलताना स्नोशूवर साचलेले हिम भोकांतून खाली गळून जाते. भरीव फळी बांधली असती तर प्रत्येक पावलाला फावडाभर हिम उचलावे लागले असते.

क्री, इन्नू, ओजिब्वे, ह्युरॉन-वेंडाट, आथाबास्कन अशा उत्तर अमेरिकेतल्या अनेक समाजांनी ही कला ज्या उंचीवर नेली तिथे ती दुसरीकडे कुठे पोहोचली असे मला वाटत नाही. अ‍ॅश किंवा बर्चचे लाकूड चिरून, वाफवून किंवा भिजवून वाकवायचे आणि त्याची चौकट करायची. कॅरिबू, हरीण किंवा मूस यांच्या कच्च्या चामड्याच्या लांबच लांब वाद्या कापायच्या आणि त्या ओल्या असतानाच विणायच्या, म्हणजे सुकताना त्या आकसतात आणि जाळी ढोलाच्या कातड्यासारखी ताणली जाते. पुढच्या आणि मागच्या भागात बारीक वादी व बारीक वीण, तर पाय जिथे टेकतो त्या मधल्या भागात जाड वादी व मोठी वीण, असे एकाच स्नोशूमध्ये तीन भागांचे विणकाम असते. बहुतेक ठिकाणी चौकट पुरुष वाकवत आणि जाळी स्त्रिया विणत.

आकारही प्रदेशाप्रमाणे ठरले. दाट झाडीतून वळणे घेत जायचे असेल तिथे अस्वलाच्या पंजासारखे आखूड, लंबगोल, शेपूट नसलेले स्नोशू. मोकळ्या, सपाट प्रदेशात लांब मजल मारायची असेल तिथे दीड मीटरपर्यंत लांबीचे, अरुंद आणि पुढून वर वळलेले. ओजिब्वे पद्धतीचा स्नोशू पुढून-मागून टोकदार असतो, कारण त्याची चौकट एकाऐवजी दोन लाकडांची असते आणि ती दोन्ही टोकांना बांधलेली असते. लांब शेपटीचा स्नोशू सरळ चालताना शेपूट मागे ओढत नेतो, आणि ती सुकाणूसारखी दिशा धरून ठेवते.

बांधणीत सर्वांत विचारपूर्वक साधलेली गोष्ट मात्र विणकामाहून लहान आहे. बुटाचा फक्त पुढचा भाग स्नोशूला बांधलेला असतो आणि टाच मोकळी असते. बुटाच्या टोकासमोर जाळीत एक भोक ठेवलेले असते, जेणेकरून टाच उचलली की बोटे त्या भोकातून खाली वळतात आणि पाय नेहमीसारखा दुमडतो. बिजागरीचे हे ठिकाण स्नोशूच्या मध्यापासून थोडे पुढे असते. त्यामुळे पाय उचलला की जड मागचा भाग आपोआप खाली झुकतो आणि पुढचे टोक वर येते. हा समतोल चुकला आणि पुढचे टोक जड झाले तर ते प्रत्येक पावलाला हिमाखाली घुसेल आणि माणूस तोंडावर पडेल. आजच्या स्नोशूंत लाकडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची नळी आली, वाद्यांच्या जागी मजबूत कृत्रिम कापड किंवा प्लॅस्टिकचा पत्रा आला, आणि बुटाखाली धातूचे दात बसवले गेले, जे कडक हिमात व बर्फाच्या पापुद्र्यावर रुतून पकड देतात. बिजागरीचे तत्त्व मात्र तेच राहिले.

चालण्याची पद्धत शिकायला अर्धा तास पुरतो, पण तो अर्धा तास लक्ष द्यावे लागते. नवखा माणूस दोन्ही स्नोशू एकमेकांवर पडू नयेत म्हणून पाय फार फाकवून चालतो आणि संध्याकाळी त्याच्या जांघा आणि कंबर दुखते. खरे तर एक पाय दुसऱ्याच्या शेजारून पुढे नेताना त्याची आतली कड दुसऱ्या चौकटीच्या कडेवरून थोडी उचलून न्यायची असते आणि पाऊल एवढे लांब टाकायचे असते की पुढच्या स्नोशूचा रुंद भाग मागच्याच्या रुंद भागापलीकडे पडेल. पाय उंच उचलायचाही नसतो, टोक हिमाच्या वर निघाले की पुरे. मागे मात्र सरकता येत नाही, कारण शेपूट हिमात रुतते आणि माणूस उताणा पडतो. मागे वळायचे असेल तर मोठा वळसा घ्यावा. जुन्या काळी कॅनडात दिवसेंदिवस स्नोशूंवर चालणाऱ्या फ्रेंच प्रवाशांना नडगीच्या आणि पावलाच्या वरच्या स्नायुबंधांची दुखणी जडत. पुढचे टोक पुन्हा पुन्हा उचलल्यामुळे ते सुजत. त्या दुखण्याला त्यांनी माल द राकेत, म्हणजे स्नोशूचे दुखणे, असे नावच दिले होते. आजही पहिल्या दिवशी फार लांब गेलेल्याला ते भेटते.

चढावर चवड्याखालचे दात हिमात रोवत सरळ चढावे, आणि टाचेखाली उभा करता येणारा धातूचा दांडा असेल तर तो उभा करावा, म्हणजे पोटऱ्यांवरचा ताण उतरतो. उतारावर गुडघे किंचित वाकवून भार मागे ठेवावा. सर्वांत अवघड असते ते उताराच्या कडेने आडवे जाणे, कारण रुंद चौकट उतारावर तिरकी होते आणि घोटा सतत मुरगळल्यासारखा राहतो. दोन काठ्या सोबत असल्या तर हे सगळेच सुसह्य होते.

काही हिम मात्र कितीही दाबले तरी बांधले जात नाही. थर पातळ आणि थंडी कडक असेल तर तळाच्या हिमाचे रूपच पालटते. जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरचा पृष्ठभाग उणे वीसवर असतो. थर जर ४० सेंटीमीटरचाच असेल तर तापमानातला हा फरक दर मीटरला ५० अंशांइतका होतो. तो दर मीटरला १० अंशांपलीकडे गेला की वाफ कणांच्या सांध्यांत न थांबता खालून वर वेगाने सरकू लागते, जुने सांधे विरतात आणि कणांचे जाड, कडा असलेले, साखरेसारखे दाणे बनतात. याला डेप्थ होअर म्हणतात. मुठीत दाबून पाहिले तरी त्याचा गोळा होत नाही. अशा थरावर स्नोशूही जमिनीपर्यंत जातो, कारण पायाखाली वडी तयार होण्यासाठी लागणारे चिकटणेच तिथे नसते. हाच दुबळा थर उतारावर वरच्या जड थरांना धरून ठेवू शकत नाही आणि हिमस्खलनाचे कारण होतो. बहुतेक मोठी स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्नोशू माणसाला अशा उतारांवर सहज नेऊन पोहोचवतात. दाब पसरला म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. तिथे जायचे तर स्खलनाचा स्थानिक अंदाज वाचून, गाडल्या गेलेल्याचा संदेश पकडणारे शोधयंत्र, हिमात खुपसून चाचपायची सळई आणि फावडे घेऊन, सोबत्यासह जावे. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, त्यामुळे बाहेरून मदत येईपर्यंत वाट पाहण्याला तिथे अर्थ नसतो.

वसंतात दुसराच प्रकार दिसतो. दिवसा ऊन लागून वरचे कण ओले होतात आणि निरभ्र रात्री हिमाची उष्णता आकाशाकडे निघून गेल्याने ते गोठतात. हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरीही असे घडू शकते. पहाटे या पापुद्र्यावरून स्नोशूशिवायही चालता येते. दहा-अकरा वाजता तोच पापुद्रा पायाखाली फुटू लागतो, आणि दुपारी सांधे वितळून सगळा थर रव्यासारखा सैल होतो. अनुभवी लोक अंधारात निघून दुपारपूर्वी परततात ते यासाठी. सूचिपर्णी झाडांच्या बुंध्याजवळ मात्र कोणत्याच वेळी जाऊ नये. खालच्या फांद्या हिम अडवतात, त्यांच्याखाली सैल हिमाने झाकलेली पोकळी राहते, आणि तिच्यात डोक्याकडून पडलेल्या माणसाला एकट्याने बाहेर पडणे फार कठीण जाते.

अनेक प्राण्यांना हे सगळे जन्मतःच मिळालेले आहे. उत्तर अमेरिकेतल्या एका सशाचे मागचे पंजे शरीराच्या मानाने इतके मोठे आणि केसाळ असतात की त्याचे नावच स्नोशू ससा पडले, आणि त्याच्यावर जगणाऱ्या लिंक्स मांजराचे पंजेही तसेच रुंद आहेत. टार्मिगन या पक्ष्याच्या बोटांवर दाट पिसे असतात. रफ्ड ग्राउज या पक्ष्याच्या बोटांच्या कडांना दर शरद ऋतूत खवल्यांची झालर फुटते आणि वसंतात गळून जाते, म्हणजे हिमाच्या मोसमापुरताच त्याचा पाय रुंद होतो.

माणसाने हे उसने घेतले त्याला फार काळ लोटला. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, गुर्गलर आइसयोख येथील बर्फात ३,१३४ मीटर उंचीवर २००३ मध्ये बर्चच्या लाकडाची वाकवलेली, दोरीने बांधलेली एक लंबगोल चौकट सापडली. कार्बन मापनानुसार ती इसवी सनपूर्व ३८०० ते ३७०० या काळातली आहे, आणि आजवर सापडलेल्या स्नोशूंत ती सर्वांत जुनी मानली जाते. रुंद पायाची गरज पुढे माणसाबरोबर त्याच्या जनावरांनाही पडली. इसवी सनपूर्व ४०१ च्या हिवाळ्यात ग्रीक सैन्य आर्मेनियाच्या डोंगरांतून परतत होते. त्यांचे घोडे हिमात पोटापर्यंत रुतत होते. तेव्हा एका गावाच्या मुख्याने घोड्यांच्या खुरांना लहान पिशव्या बांधायला शिकवले, असे त्या सैन्याबरोबर असलेल्या झेनोफनने नोंदवले आहे.

१९११ च्या सुरुवातीला हाच प्रसंग अंटार्क्टिकात पुन्हा उभा राहिला. ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉट यांची तुकडी पुढच्या प्रवासासाठी अन्नसाठे ठेवायला निघाली होती आणि सामान ओढणारी तट्टे मऊ हिमात पोटापर्यंत रुतून हैराण होत होती. तट्टांसाठी बनवलेले स्नोशू त्यांच्याकडे होते, पण एक संच सोडून बाकी सगळे केप इव्हान्सच्या तळावरच राहिले होते. तो एकुलता संच वेअरी विली नावाच्या तट्टाच्या पायांना बांधून पाहिला, आणि जिथे ते आधी धडपडत होते तिथेच ते कठीण जमिनीवरून चालावे तसे फिरू लागले. उरलेले स्नोशू आणायला दोन माणसे कुत्र्यांची गाडी घेऊन लगेच मागे निघाली. पण त्यांच्या आणि तळाच्या मधला समुद्रावरचा बर्फ तोपर्यंत फुटून वाहून गेला होता, आणि त्यांना रिकाम्या हाताने परतावे लागले.